कोपरापर्यंतचा ओघळ

१

सोमवारी सकाळी साडेनऊला लॅबमधल्या माणसानं चार कागद टेबलावर एकाशेजारी एक मांडले आणि पद्मावती मगदूमनं हातातलं काम बाजूला सारलं.

रुग्ण चार, खाटा चार, आजारही चार तऱ्हेचे. पण चौघांच्या रक्तात वाढलेला जंतू एकच निघाला. एकाचा जंतू ज्या औषधांना जुमानत नव्हता, त्याच औषधांना बाकीच्या तिघांचाही जुमानत नव्हता. दोघांचं असं जुळलं तर योगायोग म्हणता येतो. चौघांचं जुळलं की घरात शोधावं लागतं.

"पाण्यात वाढणारा जंतू हाय, सिस्टर," लॅबवाला म्हणाला. "ह्यो बाहेरनं आल्याला न्हाय. तुमच्या वॉर्डातच कुठंतरी ठाण मांडून बसलाय."

मंगळवार पेठेतलं ते हॉस्पिटल साठ खाटांचं. पद्मावतीनं तिथं बत्तीस वर्षं काढली होती. पहिली तीस वॉर्डात, आणि गेली दोन संसर्ग रोखणारी सिस्टर म्हणून. म्हणजे हात कोण धुतं, कोण धुण्याचं नाटक करतं, वापरलेली सुई कुठल्या डब्यात पडते, हे बघत हिंडायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. पण शिव्या देणारेही एका बाबतीत तिच्यापुढं हात टेकायचे. एखाद्याची शीर सापडेना, तिघांनी टोचून पेशंट रडकुंडीला आला, की शेवटी पद्मावती सिस्टरांना बोलावणं जायचं. ती आली की शीर सापडायचीच. लोक वाखाणायचे, ती 'असू दे, असू दे' म्हणायची आणि मनातून सुखावायची.

तिनं चौघांचे केसपेपर काढून बसकण मारली. तासाभरात एक धागा जुळला. चौघांच्याही शिरा अवघड होत्या. ऑपरेशनच्या वेळी लावलेली सलाईनची सुई चौघांनाही सुजली म्हणून काढावी लागली होती, आणि वॉर्डात दुसरी सुई लावल्यावर दुसऱ्याच दिवशी चौघांना हुडहुडी भरली होती. जंतू त्या दुसऱ्या सुईवाटे आत शिरला होता.

तिघं औषधपाण्यानं बरे होऊन घरी गेले. चौथी तानाबाई खोत, वडणग्याची. पित्ताचे खडे काढायला चालत आलेली बाई. ऑपरेशन झकास झालं, दोन दिवसांत सोडायचं ठरलं, आणि ती ताप येऊन चौथ्या दिवशी गेली. त्याला आता अठरा दिवस झाले होते. साखर होती, वय होतं, असं म्हणून तेव्हा सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ते कागद बघितल्यावर समजूत टिकणार नव्हती. तानाबाई त्या वॉर्डामुळं मेली होती.

चौघांपैकी तिघांना सुई आदिती शेडबाळे नावाच्या पोरीनं लावली होती. तानाबाईला मात्र स्वतः पद्मावतीनं, कारण त्या दिवशी कुणालाच शीर सापडली नव्हती.

"तुमचा प्रश्नच येत नाही," मोठे डॉक्टर विजयसिंह म्हणाले. हॉस्पिटल त्यांच्या शब्दावर चालायचं. "तुमच्या हाताला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय."

पद्मावतीलाही तसंच वाटलं. तिनं हात धुतले होते, हातमोजे नवे घातले होते. तिनं आपलं नाव बाजूला ठेवून तपास सुरू केला, आणि आपण काही वावगं करतोय असं तिच्या मनाला शिवलंही नाही.

"गुरुवारी चारला समिती बसवतोय," विजयसिंह पुढं म्हणाले. "पुढच्या महिन्यात हॉस्पिटलला दर्जा देणारे मानांकनवाले तपासणीला येणार. त्यांच्यापुढं मोघम बोलून चालणार नाही, नाव लागेल. आदितीला घरी बसवलंय. नर्सिंग कौन्सिलला पत्र गेलं की तिची नोंदणी जाईल."

नोंदणी गेली की नर्सला खेड्यातला दवाखानासुद्धा उभा करत नाही. आदिती चोवीस वर्षांची होती. तिचं सगळं शिक्षण बापानं ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवून केलं होतं, हे पद्मावतीला ठाऊक होतं.

"पण तिनंच केलं कशावरून, साहेब?"

विजयसिंहांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढं सरकवला. अक्षर आदितीचं, सही आदितीची. चौघांच्याही आजाराला मीच जबाबदार आहे, असं तिनं लिहून दिलं होतं.

२

आदिती शिरोळकडची. पेठेतच एका खोलीत राहायची. वॉर्डात पद्मावतीला सिस्टर म्हणायची, पण वॉर्डाबाहेर तिच्या तोंडी गावाकडचा 'अक्का' यायचा. दोन वर्षांपूर्वी ती हॉस्पिटलात लागली, तेव्हा पद्मावतीचे वॉर्डातले शेवटचे महिने चालले होते. तेवढ्यात पद्मावतीनं तिला सुई कशी धरायची ते शिकवलं होतं. सोमवारी संध्याकाळी पद्मावती तिच्या खोलीवर गेली.

"हातमोजे बदलले नव्हते, अक्का," ती खाली मान घालून म्हणाली. "एका पेशंटवरनं दुसऱ्यावर तसंच गेले."

"कधी?"

"रोजच."

"तानाबाईला मी सुई लावली तो रविवार. तू कुठं होतीस?"

आदिती दाराची कडी चाळवत राहिली.

"मी हजेरी बघून आल्ये. तू चुलतबहिणीच्या लग्नाला शिरोळला होतीस, दोन दिवस. तुझे हातमोजे शिरोळात आणि जंतू कोल्हापुरात. त्याला काय एसटीत बसवून धाडलास?"

दुसरी कुणी असती तर हे ऐकून तिच्या जिवात जीव आला असता. आदितीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तिनं पद्मावतीचा हात धरला.

"अक्का, माझ्यावरच थांबवा हे. आणि खोलात जाऊ नगासा."

"कुणाला वाचवतीयस?"

आदितीनं एकदाच वर बघितलं. त्या नजरेत भीती होती आणि कीवही होती. कीव कशासाठी हे पद्मावतीला कळेना. मग पोरीनं दार लावून घेतलं, आणि पायऱ्या उतरताना आतून तिच्या रडण्याचा आवाज पद्मावतीच्या कानावर आला.

३

कोल्हापुरात बातमी चहाच्या आधी पोचते. मंगळवारी सकाळी पद्मावती हॉस्पिटलात आली तर तिच्या खोलीबाहेर डॉक्टर पृथ्वीराज उभा. शिकाऊ पोरगा, मनगटात चांदीचं जाड कडं, आणि तोंड शेणात पडल्यासारखं.

"सिस्टर, माझ्यामुळं झालं असणार," तो दार लोटून घेत म्हणाला. "ते हात धुतल्यावर स्कॅन करायचं असतंय ना, भिंतीवरचं... मी नुसतंच स्कॅन करत होतो."

हात धुण्याची नोंद मोबाइलवर ठेवायची नवी पद्धत पद्मावतीनंच आणली होती. बेसिनजवळचा चौकोन मोबाइलनं टिपला की हात धुतल्याची नोंद व्हायची. वॉर्डात पृथ्वीराजचा नंबर सलग तीन महिने पहिला होता, आणि पद्मावतीनं त्याला सगळ्यांसमोर गुलाबाचं फूलही दिलं होतं. आता तिला हसावं की रडावं कळेना.

"चौघांपैकी तुझे पेशंट किती?"

"दोन."

"बाकीच्या दोघांना हात लावलास?"

"त्या युनिटकडं मी जातच न्हाय, सिस्टर."

"मग त्या दोघांना जंतू कुणी दिला? तू नव्हेस. पण ते कडं काढ आणि आजपासून खरे हात धू. ते फूल मला परत दे म्हणत नाही एवढंच."

तो गेला आणि पाठोपाठ धोंडुबाई आली. ती वॉर्डातली मावशी, वीस वर्षांची जुनी. तिनं हातातलं फडकं चुरगाळत सांगितलं, की तानाबाईच्या कपाळाला जोतिबाचा अंगारा तिनं लावला आणि नृसिंहवाडीच्या तीर्थाचे दोन थेंबही तोंडात घातले. "नदीचंच पानी ते, सिस्टर. आता समदी म्हंत्यात पान्यातला किडा हाय म्हनून. माज्या हातनं पाप झालं बगा."

"बाकीच्या तिघांना दिलंस?"

"न्हाय की. त्यास्नी कशाला? तानाबाई माज्या म्हायेरच्या गावची."

"मग तीर्थाचा दोष नाही. आणि तिच्या तोंडात घातलेलं शिरेत जात नाही, धोंडुबाई."

एव्हाना पद्मावतीला या सगळ्याचा उबग यायला लागला होता. जो तो येऊन आपल्या पापाची पुडी तिच्या टेबलावर सोडत होता, आणि एकाही पुडीत चौघं मावत नव्हते. तिनं केसपेपर पुन्हा तारखेप्रमाणं लावले. पहिला रुग्ण, मग सहा दिवसांनी दुसरा, मग पाच दिवसांनी तिसरा, मग आठवड्यानं तानाबाई. आणि त्यानंतर?

त्यानंतर कुणीच नाही. अठरा दिवसांत वॉर्डात पन्नासच्या वर सुया लागल्या होत्या, त्यांत अवघड शिरांची माणसंही होती, आणि एकालाही ताप नव्हता. आदिती कालपर्यंत कामावर होती. नळ तेच, फरशी पुसायचं फडकं तेच, डॉक्टर तेच. आणि न धुतलेले हातही तेच, हे नुकतंच कळलं होतं.

जंतू काही दया येऊन थांबत नाही. म्हणजे तानाबाई गेली त्या सुमाराला वॉर्डातून काहीतरी बाहेर गेलं होतं.

"धोंडुबाई," ती सावकाश म्हणाली, "अठरा दिवसांपूर्वी वॉर्डातनं कुठली वस्तू हलवली गं?"

धोंडुबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. "कुठं काय? काय बी न्हाय की," ती म्हणाली, आणि फडकं तिथंच टाकून बाहेर पडली.

४

पद्मावती तिच्या मागं जायला उठली, तर दारात एक माणूस. पस्तिशीचा, डोकं भादरलेलं, केसांचे आता कुठं खुंट आलेले. तानाबाईचा मुलगा बाळासो. दिवसकार्य उरकून मृत्यूच्या दाखल्याचे कागद न्यायला तो आला होता.

"बसा," ती म्हणाली. त्याची गालफडं बसली होती. अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा असावा असा लोंबत होता.

"सिस्टर, खाली समदी बोलाय लागल्यात, कुनी किडा घातला म्हनून. त्या बारक्या सिस्टरला काडलंसा म्हंत्यात." तो उभाच राहिला. "तिला काडू नगासा. आईला मी मारलोय."

पद्मावतीनं त्याच्याकडं बघितलं. हा चौथा.

"तुमी सुई लावलासा त्या दिवशी मी तितंच हुतो. समद्यांनी टोचून टोचून आईचा हात काळा केल्याला. तुमी आलासा, कापसानं हात चोळलासा, आई म्हनली बी, गार वाटतंय गं बाई. पानी तिच्या कोपरापातुर वघळलं. मी आपला खांद्यावरच्या टॉवेलानं पुसलो." तो थांबला. "गोठ्यातला टॉवेल, सिस्टर. म्हशीची धार काडून तसाच आलतो. त्यानंच गेली ती. वीस दिस झालं, घास घशाखाली उतरना झालाय. दिवसाच्या जेवणाला बसलो आनि तसाच उटलो. बायको म्हंतीया येड लागलंय. मी कुनाला सांगू?"

त्याला उत्तर द्यायला पद्मावतीनं तोंड उघडलं. बाकीच्या तिघांजवळ ना बाळासो होता ना त्याचा टॉवेल, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण शब्द तिच्या ओठांवरच राहिले, कारण त्याचं दुसरंच एक वाक्य तिच्या डोक्यात अडकलं होतं.

पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

दोन वर्षांपासून वॉर्डात सुई लावण्याआधी कातडी पुसायला एकच वस्तू वापरायची परवानगी होती. सीलबंद पाकिटातला, एकदा वापरून फेकायचा, टपाल तिकिटाएवढा ओलसर तुकडा. तो पिळला तरी त्यातून थेंब पडत नाही. कोपरापर्यंत ओघळ जायला सपसप भिजलेला कापूस लागतो.

"तुम्ही कागद घेऊन घरी जा," ती बाळासोला म्हणाली. "टॉवेलानं काही झालेलं नाही. मी तुम्हाला नीट सांगेन, पण आज नाही."

ती वॉर्डातल्या ड्रेसिंगच्या खोलीत गेली. भिंतीवर तिच्याच सहीची सूचना होती: कापूस औषधात भिजवून साठवू नये. सूचनेखालचं कपाट तिनं उघडलं. वरचा कप्पा, पाकिटांचे खोके. मधला कप्पा, पट्ट्या. खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला काही नव्हतं. फक्त लाकडावर गंजाचा एक गोल डाग होता, एखादं ओलं भांडं वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवल्यावर पडतो तसा.

त्या डागाची रुंदी मोजायला पद्मावतीला पट्टी लागली नाही. तिथं काय असायचं ते तिला ठाऊक होतं. ते तिनंच तिथं ठेवलं होतं.

५

धोंडुबाईचं घर हॉस्पिटलामागच्या बोळात होतं. ऊन कलताना पद्मावती तिथं पोचली, तेव्हा म्हातारी उंबऱ्यातच बसली होती, वाट बघत असल्यासारखी.

"डबा आण," पद्मावती म्हणाली.

धोंडुबाई आत गेली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा घेऊन आली. झाकणावर खिळ्यानं टोचून लिहिलेलं 'प. म.' अजून दिसत होतं. आत पिवळसर औषधात कापसाचे बोळे बुडलेले होते.

"आदितीबाई लग्नावरनं आली आनि तानाबाईला ताप आल्याला बगून घाबरली. म्हनली, आता चवकशी हुईल, मावशी डबा उचल, सिस्टरांचं नाव याला नको. वतून टाक म्हनली हुती. पर तुमची वस्तू, माजा जीव झाला न्हाय."

"मी बंद करायला सांगितलं होतं की हा, दोन वर्षांपूर्वी."

"कागुद लावलासा भिंतीवर," धोंडुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता. "पर ते मानांकनवाल्यांसाठी आसतंय आसं आमाला वाटलं. त्या पाकिटातल्या चिंदीनं शीर कुटं वर येतीया? अवगड शीर आसली की तुमचाच डबा काडायचा, गार कापसानं मिनिटभर चोळायचं, शीर टरारून वर. तुमीच शिकिवलासा समद्या पोरींना. आनि डबा कदी कोरडा पडू द्याचा न्हाय, हेबी तुमीच. तळाला थोडं ऱ्हायलं की मी वरनं आवशिद आनि नळाचं पानी घालत आल्ये. इरजण मोडू देत न्हाई तसं."

पद्मावतीनं डब्याचं झाकण लावलं. "तानाबाईच्या वेळी हा डबा माझ्यापुढं कुणी धरला?"

"मीच की. तुमी न बगता हात म्हागं केलासा, 'कापूस' म्हनलासा. मी डबा धरला. नेहमीसारकं."

पद्मावतीला ते आठवत नव्हतं. तानाबाईचा हात आठवत होता, त्यावरचे काळे डाग, बोटाखाली लागलेली शीर, लागल्यावर वाटलेला अभिमान. मागं केलेला हात आठवत नव्हता. तीस वर्षं जे रोज केलं ते हातानं तिला न विचारता केलं होतं. आणि दर महिन्याच्या तपासणीत त्या कपाटापुढं उभं राहून, दार न उघडता, तिनं बरोबरची खूण केली होती. आपल्याच हाताखाली शिकलेल्या पोरी, त्यांचं काय तपासायचं?

डबा पिशवीत घालून ती बोळातून परत निघाली. कोपऱ्यावर सार्वजनिक नळ होता, आणि तिचे पाय तिथं थांबले. एक मिनिटाचं काम होतं. डबा उपडा केला, खळखळून धुतला, की मागं उरणार होता एक गोल डाग आणि आदितीचा सही केलेला कागद. तिला हे सुचलं, आणि सुचलं याची तिला स्वतःचीच किळस आली. तरीही ती लगेच हलली नाही. घागर भरायला आलेल्या एका बाईनं "घ्या की, आदी तुमी घ्या," असं म्हटलं, तेव्हा कुठं ती भानावर आली.

"नको. माझं काही भरायचं नाही," ती म्हणाली आणि थेट लॅबमध्ये गेली.

तिथल्या फॉर्मवर 'नमुना कुणाचा' असा रकाना होता. त्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

६

गुरुवारी चार वाजता समिती बसली. विजयसिंह, दोन ट्रस्टी, पृथ्वीराज, आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून आदिती. लॅबचा कागद दुपारीच आला होता. पद्मावतीनं तो पर्समध्ये ठेवला होता.

"कौन्सिलला पाठवायचं पत्र तयार आहे," विजयसिंह म्हणाले. "आदितीनं लिहून दिलंच आहे, तेव्हा फार चर्चा नको."

"चर्चा मी करणार आहे, साहेब," पद्मावती उभी राहिली. "या प्रकरणात चार माणसांनी माझ्याकडं येऊन गुन्हा कबूल केला. एकानंही तो केलेला नाही. आदिती म्हणते हातमोजे, पण तानाबाईच्या वेळी ती शिरोळला होती. डॉक्टर म्हणतात हात, पण चौघांतल्या दोघांना ते शिवलेले नाहीत. धोंडुबाई म्हणते तीर्थ, बाळासो म्हणतो टॉवेल, पण या दोन्ही गोष्टी एकट्या तानाबाईच्या. मला चौघांनाही लागू पडेल असं कारण हवं होतं, आणि अठरा दिवसांपूर्वी आपोआप थांबेल असं."

तिनं डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. आदितीनं तोंडावर हात घेतला.

"चौघांच्या शिरा अवघड होत्या. अवघड शिरेसाठी आमच्या वॉर्डात पाकिटातला तुकडा वापरत नाहीत, हा डबा काढतात. आतल्या औषधाचा जोर कापूसच शोषून घेतो. वरून नळाचं पाणी पडतं, आणि तळातलं जुनं कधी फेकलंच जात नाही. पाण्यातला जंतू एकदा आत पडला की त्याला मारायला आत काही उरत नाही. आम्ही शीर वर यावी म्हणून मिनिटभर तोच जंतू कातडीला चोळायचो आणि त्यातून सुई घालायचो. तानाबाईला ताप आल्यावर डबा वॉर्डातनं हलला, त्या दिवसापासून कुणी आजारी नाही. लॅबचा कागद हा. डब्यातला जंतू आणि चौघांच्या रक्तातला जंतू एकच."

"पण वापरला तर या पोरींनीच ना?" एक ट्रस्टी म्हणाले.

"शिकवला मी. बंदीची सूचना लावली मी, आणि कपाट न उघडता दोन वर्षं बरोबरच्या खुणा केल्या मी. आणि तानाबाईला त्यातल्या कापसानं चोळून सुई लावली तीही मी. ती मेली ती माझ्या हातानं."

विजयसिंहांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सिस्टर, तुम्ही आमच्या हॉस्पिटलचं नाव आहात," ते हळू आवाजात म्हणाले. "हे या खोलीतच राहू द्या. डबा गेला, जंतू गेला. आदितीला नुसती ताकीद देऊ. कौन्सिलला काही कळवत नाही."

हे मान्य केलं असतं तर आदितीही वाचली असती. पद्मावतीला क्षणभर ते बरंही वाटलं. मग तिला बाळासोची गालफडं आठवली.

"एक माणूस आईला आपण मारलं म्हणून जेवायचा थांबलाय, साहेब. त्याला खोटं काय सांगू? आणि बाकीच्या वॉर्डांची कपाटं कोण उघडणार? माझ्या हाताखालच्या पोरी सगळीकडं आहेत. पत्र पाठवा. नाव बदला फक्त."

आदिती जागेवरून उठली. "अक्का, मला ठाऊक हुतं," ती म्हणाली. "तुमचं नाव कसं घेणार हुते मी?"

"तेच चुकलं, बाळा," पद्मावती म्हणाली. "मी तुला शीर शोधायला शिकवलं. माझी चूक तोंडावर सांगायला शिकवलं असतं तर तानाबाईच्या आधीच्या तीन तापांतच हे थांबलं असतं."

पत्र शुक्रवारी गेलं. आदितीला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. पद्मावतीची खुर्ची काढून घेण्यात आली आणि चौकशी होईपर्यंत तिनं घरी बसावं असं ठरलं.

७

रविवारी सकाळी ती वडणग्याला गेली. खोतांचं घर रस्त्यालाच होतं, पुढं गोठा, सोप्यात तानाबाईचा हार घातलेला फोटो. बाळासोनं तिला बघून लगबगीनं सतरंजी टाकली. "या की, सिस्टर. आगं, पानी आन," त्यानं आत आवाज दिला. त्याच्या बायकोनं तांब्या आणून ठेवला आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायला ती वळली.

पद्मावतीनं पाण्याला हात लावला नाही. तिनं सगळं सांगितलं. डबा, कापूस, नळाचं पाणी, मागं केलेला आपला हात. मोठे शब्द वापरले नाहीत, आणि मधे थांबली नाही. थांबले तर पुढचं बोलवणार नाही अशी तिला धास्ती होती.

बाळासो उकिडवा बसून ऐकत होता.

"म्हंजे माज्या टॉवेलानं न्हवं, त्ये खरंच?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्ही पुसलंत ते बरंच केलंत. तुमचा काही दोष नाही, बाळासो. कणभरही नाही."

त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि तो गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊन रडला. बायको आतून धावत आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"भाकरी हाय काय गं?" त्यानं विचारलं.

ती अविश्वासानं त्याच्याकडं बघत राहिली, मग लगालगा आत गेली. ताटात दोन भाकऱ्या, झुणका आणि कांदा घेऊन आली. बाळासोनं ताट पुढं ओढलं आणि तो जेवायला लागला. मोठे मोठे घास घेत, खाली मान घालून, कुणाकडंही न बघता. बायको डोळ्यांना पदर लावून ते बघत होती. पद्मावतीही बघत होती. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच नीट श्वास घेता आला.

आतून चहाचा वास आला. बायकोनं दोन कप भरून आणले आणि एक पद्मावतीपुढं ठेवायला ती वाकली. बाळासोनं जेवता जेवता मान वर केली. तो काही रागानं बघत नव्हता. त्यानं फक्त आपल्या बायकोकडं बघून नकारार्थी मान हलवली आणि पुढचा घास मोडला.

बायको कप घेऊन आत गेली.

पद्मावती उठली, तानाबाईच्या फोटोपुढं हात जोडून उभी राहिली आणि चपला घालून रस्त्यावर आली. कोल्हापूरच्या मुलखात चोपन्न वर्षांत कुठल्याही घरातून ती चहा न घेता बाहेर पडली नव्हती. एसटी यायला अवकाश होता, म्हणून ती चालतच निघाली.